चिठ्ठी आणि अर्ज

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा त्या कायद्यात दंडाची तरतूद होती. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिन्याला १ रुपया दंड. त्या काळात शेतकरी-मजुराच्या घरात रुपया ही थट्टा नव्हती. कायद्याचा रोख स्वच्छ होता : शाळा काढली आहे, मास्तर नेमला आहे, आता अडवणूक करील तर फक्त पालक. म्हणून दंड पालकाला.

शंभरावर वर्षं उलटली. आज त्याच कोल्हापुरात असे पालक आहेत, जे मुलाचा हात धरून शाळेच्या दारात उभे आहेत आणि अडवणूक दाराच्या आतून होते आहे. मुलाला बोलता येत नाही, किंवा चालता येत नाही, किंवा वर्गात एका जागी बसवत नाही, किंवा चौथीत गेलं तरी जोडाक्षर वाचता येत नाही. या पालकांनी मूल घरी ठेवलं तर त्यांना कुणी दंड करणार नाही. खरं सांगायचं तर पुष्कळांना ते सोयीचंच वाटेल.

अशा आई-वडिलांनी तोंड कधी उघडायचं, कुणापुढं उघडायचं आणि कधी मिटायचं, याबद्दल हे लिहितो आहे. कोल्हापूरच्या संदर्भात लिहितो आहे, कारण इथं एक खास अडचण आहे. इथं भांडण करायला कुणी घाबरत नाही. तालमीचं, पेठेचं, उसाच्या दराचं, टोलचं भांडण असेल तर अख्खं गाव रस्त्यावर येतं. पण आपल्या मुलासाठी शाळेत जायची वेळ आली, की हाच माणूस टोपी हातात घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, “साहेब, जरा बघा की.”

शाळेच्या कचेरीत “नाही” हा शब्द सहसा ऐकू येत नाही. कोल्हापुरी माणूस तोंडावर नाही म्हणणार नाही. आधी चहा येतो. मग सुरू होतं : “ताई, तुमचं सगळं पटतंय ओ, पण आमच्याकडं तसा स्टाफ नाही.” “उद्या जिन्यावरनं पडलं बिडलं तर जबाबदारी कुणाची?” “बाकीचे पालक तक्रार करायला लागल्यात.” “हितं पोराचंच नुकसान हुतंय बघा.” आणि शेवटी, अगदी मायेनं, “शेंडा पार्कला विचारून बघा की. उचगावला विचारलंसा काय?” ही वाक्यं ज्यानं ऐकली नाहीत असा विशेष मुलाचा पालक या जिल्ह्यात विरळा. यातलं एकही वाक्य उद्धट नाही, हीच त्यातली गोम आहे. उद्धटपणे हाकललं तर माणूस चिडून काही तरी करतो. चहा पिऊन बाहेर पडलेला पालक मात्र घरी जाऊन म्हणतो, “चांगलं बोलले, पण जमत नाही म्हणाले.”

शेंडा पार्क आणि उचगाव ही नावं उगीच येत नाहीत. शेंडा पार्कात चेतना अपंगमती विकास संस्थेची शाळा आहे आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात पहिलं नाव तिचंच निघतं. उचगावला ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’चं घरौंदा वसतिगृह आणि समर्थ विद्यामंदिर आहे. ही संस्था १९८४ साली नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. कोल्हापूरला वसतिगृहांचं शहर म्हणतात. शाहू महाराजांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, कारण शाळा शहरात आणि मुलं खेड्यात, मधलं अंतर कुणी तरी मिटवायला हवं होतं. दिव्यांग मुलांसाठी ते अंतर मिटवायला त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षं जावी लागली आणि ते काम चाकाच्या खुर्चीवरच्या एका बाईनं केलं. समर्थ विद्यामंदिरात अपंग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात बसतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. उचगावला विचारा म्हणून बोट दाखवणाऱ्या मुख्याध्यापकांनी एकदा स्वतः उचगावला जाऊन ते वर्ग बघावेत. दाराला उंबरा नसला आणि जिन्याऐवजी उतार असला, की निम्मी अडचण तिथंच संपते हे दिसेल.

चांगल्या विशेष शाळा असणं ही जिल्ह्याची श्रीमंती आहे. पण ती शेजारच्या शाळेची सबब होता कामा नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये, कलम ३१ खाली, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, मुलाच्या पसंतीप्रमाणे. पसंती मुलाची आहे. मुख्याध्यापकाची नाही, संस्थाचालकाची नाही आणि नीट वाचलं तर पालकाचीसुद्धा नाही. कलम १६ शाळेवर जबाबदारी टाकतं : भेदभाव न करता प्रवेश, इमारतीत सुलभ वावर, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं. ही जबाबदारी शासनाच्या, अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा सगळ्याच शाळांवर आहे.

मग अडतं कुठं? अडतं ते चिठ्ठीपाशी.

चहा पिऊन परत आलेला पालक दुसऱ्या दिवशी ओळख काढतो. मेहुण्याच्या ओळखीचा नगरसेवक, दूध संघाचा संचालक, कारखान्यातला कुणी, फार तर आमदारांचा पीए. फोन जातो. “आपलंच पोरगं हाय, घ्या जरा सांभाळून.” आणि नवल म्हणजे प्रवेश मिळतो! काल ज्या शाळेत स्टाफ नव्हता, जिना धोक्याचा होता, त्या शाळेत सोमवारपासून मूल बसायला लागतं. घरात पेढे वाटतात.

या पेढ्यांवर माझा राग आहे. चिठ्ठीनं मिळालेला प्रवेश हा उपकार असतो आणि उपकाराचं व्याज गप्प बसून फेडावं लागतं. मुलाला शेवटच्या बाकावर बसवलं, गप्प बसा. सहलीला नेलं नाही, गप्प बसा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी “उद्या नाही पाठवलं तरी चालेल” असा निरोप आला, गप्प बसा. कारण आमदारांच्या शब्दावर घेतलं आहे. बरं, चिठ्ठी एकाच मुलाची असते. पुढच्या वर्षी त्याच गल्लीतलं दुसरं मूल आलं आणि त्याच्या बापाचा मेहुणा कुणाला ओळखत नसला, तर त्याच्यासाठी पुन्हा चहा आणि पुन्हा शेंडा पार्क. शाळेच्या दफ्तरात कुठंच नोंद नाही की इथं अशी गरज आहे, इथं उतार बांधायला हवा, इथं विशेष शिक्षक मागायला हवा. वर जिल्हा परिषदेला आकडा जातो तो शून्याचा.

म्हणून पहिला सल्ला : तोंडी काही मागू नका, अर्ज द्या. आणि अर्ज म्हणजे बारा पानी कैफियत नव्हे. एका पानात बसतो.

“प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : माझ्या मुलास वर्गात आवश्यक सोयी मिळणेबाबत. महोदय, माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकत आहे. त्यास डाव्या बाजूस अंशतः लकवा असून दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असल्याने त्यास दररोज उचलून न्यावे लागते. तरी (१) तिसरीचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा, (२) लेखनास जादा वेळ द्यावा, (३) गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांची भेट मिळण्यासाठी आपले स्तरावरून मागणी करावी, ही विनंती. याबाबत केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी.”

बस्स. यात रडणं नाही, धमकी नाही, “गरीब आहे, सांभाळून घ्या” नाही. काय हवं ते मोजून तीन ओळींत आहे आणि शेवटच्या वाक्यात उत्तर मागितलं आहे. दोन प्रती काढायच्या. एक कारकुनाच्या हातात, दुसरीवर पोच घ्यायची : तारीख, शिक्का, आवक क्रमांक. कारकून म्हणेल, “ठेवा की हितं, सरांना दाखवतो.” नम्रपणे उभं राहायचं आणि शिक्का मागायचा. शिक्का मिळत नसेल तर तोच कागद स्पीड पोस्टानं पाठवायचा आणि पावती जपायची. आवक नोंदवहीत नंबर पडला, की त्या मागणीचं काय केलं हे कधी ना कधी कुणाला तरी लिहून द्यावं लागतं. इतकं साधं हे यंत्र आहे. त्याला ओळख लागत नाही.

शाळेनं दाद दिली नाही तर हाच कागद गटशिक्षणाधिकाऱ्याकडं, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्याकडं जातो. शहरातली महापालिकेची शाळा असेल तर प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्याकडं. तिथंही काही झालं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं. २०१६ च्या कायद्यानं राज्य आयुक्ताला साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं अशा बाबींत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बहुतेक प्रकरणं तिथवर जातही नाहीत. पोच असलेला अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला, की तळमजल्यावर जागा निघते.

एक गोष्ट मात्र अर्जाच्याही आधी समजून घ्यायला हवी, कारण तिच्यात पुष्कळ पालक फसतात. शाळा म्हणते, “याला घरीच शिकवू. आमचे शिक्षक घरी येतील.” कानाला गोड वाटतं. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय देण्यात आला. मुलाला, म्हणजे त्याच्या वतीनं कुटुंबाला, तो निवडण्याचा हक्क आहे. शाळेला तो लादण्याचा नाही. जे मूल रिक्षात बसून शाळेपर्यंत येऊ शकतं, त्याच्या नावापुढं घरी शिक्षण अशी नोंद पडली असेल तर ती कुणी आणि का केली हे विचारायलाच हवं. घरी आठवड्यातून कधी तरी शिक्षक येतील. दोस्त येणार नाहीत.

आता प्रश्न वेळेचा. कधी बोलायचं?

सगळ्यात पहिली वेळ शाळेच्या कितीतरी आधी येते आणि तीच घराघरांत हुकते. मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. आजी म्हणते, “त्याचा बापबी उशिराच बोलला.” तिसऱ्या वर्षी जोतिबाला नवस, चौथ्या वर्षी बालवाडी, पाचव्या वर्षी कान तपासले जातात. आजी खोटं बोलत नसते. उशिरा बोलणारी मुलं असतातच. पण कानाचा दोष असेल तर ही तीन वर्षं पुन्हा मिळत नाहीत, कारण भाषा शिकण्याचा मेंदूचा सगळ्यात जोमाचा काळ तोच. इथं आईनं भांडायचं असतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांशी, आणि खेड्यात हे शाळेशी भांडण्यापेक्षा शंभर पटीनं अवघड. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, मुलं तपासतात आणि संशय आला तर पुढं पाठवतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शेतावर न्यायचं नाही आणि पथकातल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, “हाक मारली तर वळून बघत नाही.” पालकाची पहिली वकिली म्हणजे हे एक वाक्य.

त्यानंतर सीपीआर. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचं हे लाडकं तीन अक्षरी नाव कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक आहे. दिव्यांगत्वाचा दाखला काढायला चंदगड-गगनबावड्यापासून पालक इथं येतात. पहाटेची एसटी, केसपेपर, रांग, एका विभागातून दुसऱ्या विभागात. काहींचा तिथंच धीर सुटतो. दाखल्याला आणखी एक अडथळा आहे, तो मनाचा. “शिक्का बसंल पोरावर,” असं म्हणून चांगली शिकलेली माणसंही दाखला टाळतात. पण परीक्षेतल्या सवलती, शिष्यवृत्ती, उच्च शिक्षणात शासकीय आणि अनुदानित संस्थांमधलं ५ टक्के आरक्षण, हे सगळं त्या एका कागदाला बांधलेलं आहे. शिक्का समाजानं केव्हाच मारलेला असतो. तुम्ही फक्त त्याची भरपाई नाकारत असता. आता दाखल्याबरोबर यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं आणि ते देशभर चालतं. निपाणी-बेळगावकडून कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या मुलांना याचा मोठा उपयोग. दाखल्याची छबी फोनमध्ये आणि एखाद्या नातेवाइकाच्या फोनमध्येही ठेवावी. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या शिरोळ-करवीरच्या माणसांना हे का, ते सांगायला नको.

अध्ययन अक्षमतेची गोष्ट वेगळी. ही मुलं दिसायला तुमच्या-आमच्या मुलांसारखी, बोलायला चुरचुरीत आणि लिहायला बसली की हात-पाय गाळणारी. त्यांना ‘आळशी’ म्हणून मार पडतो. ‘तारे जमीन पर’ २००७ साली आला, तेव्हा आपण सगळे डोळे पुसत थिएटरातून बाहेर पडलो. त्यात पोराला ज्या शाळेत नेऊन टाकतात ती पाचगणीत चित्रित झाली आहे, म्हणजे कोल्हापूर विभागीय मंडळाच्याच हद्दीत. पण त्या चित्रपटानं पालकांचं एक नुकसान केलं, असं माझं मत आहे : सगळ्यांना वाटायला लागलं, की कधी तरी एक बासरीवाला चित्रकला शिक्षक येईल आणि आपल्या पोराला ओळखेल. तो येत नाही. ओळखायचं काम दुसरी-तिसरीत आईलाच करावं लागतं. वह्यांमध्ये ‘कमळ’चं ‘कळम’ पुनःपुन्हा दिसतंय, तोंडी विचारलं तर सगळं येतंय आणि पेपर कोरा, अशी जोडी दिसली की शाळेकडं तपासणीची लेखी मागणी करायची. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ८ वर्षांनंतर मिळतं आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते. तपासणी मुलाच्या भाषेत झाली पाहिजे, असा आग्रह धरा. मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजी चाचणी देऊन काय कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे.

महाराष्ट्राचं एक कौतुक इथंच करून टाकतो. अध्ययन अक्षमता २०१६ साली देशाच्या कायद्यात आली. आपल्या राज्यानं या मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासूनच द्यायला सुरुवात केली होती. जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. दुर्दैव असं, की पालकांना हे दहावीच्या जानेवारीत कळतं. तेव्हा तपासणी नाही, दाखला नाही, शाळेनं विभागीय मंडळाकडं प्रस्ताव पाठवलेला नाही आणि मार्चमध्ये पेपर. मग पुन्हा चिठ्ठी, पुन्हा फोनाफोनी; मात्र मंडळात चिठ्ठी चालत नाही. नववीचा जून हा या सगळ्या तयारीचा मुहूर्त आहे.

अठराव्या वर्षाचं थोडक्यात सांगतो. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे आई-वडील मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते आणि कायदेशीर पालकत्वाचा अर्ज तिच्याकडं करायचा असतो. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न जयवंत दळवींनी ‘नातीगोती’त रंगमंचावर आणला, त्याला तीन तपं झाली. नाटक बघून आलेल्यांपैकी किती जणांनी नंतर हा अर्ज भरला, कोण जाणे.

नॅशनल ट्रस्टचा हा कायदा काही दिल्लीत कुणाला सुचला म्हणून आला नाही. त्यामागं देशभरच्या पालक संघटनांचा रेटा होता. जगात सगळीकडं हेच झालेलं दिसतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनेनं १९७१ साली राज्यालाच कोर्टात खेचलं आणि चारच वर्षांत, १९७५ मध्ये, प्रत्येक दिव्यांग मुलाला सार्वजनिक शाळेत शिक्षण देणारा राष्ट्रीय कायदा आला. तिथं स्थायिक झालेल्या मराठी घरांतून विचारा : मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना ठरवायच्या बैठकीत आई-वडील बरोबरीनं बसतात आणि पालकानं तपासणीला लेखी संमती दिली की साधारण ६० दिवसांच्या आत ती पुरी व्हावी लागते. तिथंही सगळं कागदावरच चालतं.

आपल्याकडं मुंबईत मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, जन्मतः सेरेब्रल पाल्सी. १९६०-७० च्या दशकात तिला घ्यायला शाळाच नव्हती. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये अलूर यांनी कुलाब्यात तीन मुलांना घेऊन शाळा सुरू केली. तिची पुढं स्पॅस्टिक्स सोसायटी झाली. प्रत्येक आईला शाळा काढणं जमणार नाही, जमायची गरजही नाही. मला त्या गोष्टीचा उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. मालिनी चिब सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, लंडनला जाऊन दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटानं टंकलेखन करून त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं. आईची बाजू आईनं मांडली होती. मुलीची मुलीनं मांडली. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचतानाही हेच जाणवतं. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या त्या मुलीला उभारी दिली ती स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी. आई-वडिलांच्या प्रेमाला जे जमत नाही, ते त्याच वाटेनं गेलेल्या माणसाला जमतं.

म्हणून पालकांनी कधी गप्प बसायचं, हेही शिकायला हवं. वर्गाच्या दारात उभं राहून, चाळीस मुलांसमोर, “बाई, ह्याला काय येत नाही, जरा सांभाळून घ्या,” असं सांगणारी आई मुलाची बाजू मांडत नसते. त्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव ‘काय येत नाही’ असं पडतं. बोलायचं ते कचेरीत, मूल बाहेर असताना. चित्रकलेच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळावं म्हणून भांडायचं नाही. दोन मार्कांसाठी तर अजिबात नाही. तळमजल्याच्या वर्गासाठी लागणारी ताकद तिथं खर्ची पडते. आणि मूल बारा-तेरा वर्षांचं झालं, की अर्ज लिहायच्या आधी त्याला विचारायचं : तुला काय हवंय? पुष्कळदा उत्तर अनपेक्षित येतं. आई लेखनिक मागायला निघालेली असते आणि पोरगं म्हणतं, मला बाक बदलून द्या, मागचा खोड्या काढतो. ज्याला बोलता येत नाही त्यालाही चित्रावर, पाटीवर, बोटानं दाखवून सांगता येतं. कायद्यातली पसंती त्याची आहे, ती त्याला वापरू द्यावी.

शिक्षकांची बाजू लिहिली नाही तर हा लेख लंगडा राहील. दोन वर्ग एका खोलीत घेऊन बसलेला, निवडणुकीची, सर्वेक्षणाची, पोषण आहाराच्या हिशेबाची कामं करणारा शिक्षक या मुलाला वेगळा वेळ कुठून देणार? तो खलनायक नाही. त्याला विशेष शिक्षकाची जोड हवी. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली हा प्रश्न हातात घेतल्यावर केंद्रानं २०२२ मध्ये प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला १० विशेष मुलांमागं एक विशेष शिक्षक, त्यापुढं १५ मागं एक. पदं मंजूर करून भरा, असं न्यायालयाला २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा बजावावं लागलं. गावातल्या शाळेत अशी पाच मुलं असून कागदावर एकही नसेल, तर ती पदं कोणत्या आकड्यावर मंजूर होणार? चिठ्ठीवर आलेल्या मुलाची नोंद नसते, हे वर म्हटलं ते यासाठी. पालकाचा अर्ज शिक्षकाच्या विरोधात जात नाही. मुख्याध्यापकाला वर मागणी करायला तोच आधार असतो. शहाणे मुख्याध्यापक पालकाला स्वतःच सांगतात, “तुम्ही लेखी द्या, मग मला वर भांडता येतंय.”

आणि भांडायचं ते एकट्या आईनं का? शाळेच्या चकरा, सीपीआरच्या चकरा, थेरपी, सगळं तिच्याच वाट्याला येतं. नोकरी असेल तर रजा तिचीच जाते. दिव्यांग मुलाच्या संगोपनासाठी आईला रजा नाकारणं हे सरकारी नोकरीतल्या स्त्रीच्या हक्काला धक्का लावणारं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ च्या एप्रिलमध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापक आईच्या प्रकरणात बजावलं. रजेचा हक्क मिळाला, बरं झालं. पण वडिलांनी एक दिवस कामावर दांडी मारून अर्जाची पोच आणायला कुठल्या न्यायालयाच्या निकालाची गरज नाही.

शेवटची गोष्ट त्या वाचकांसाठी, ज्यांच्या घरात असं मूल नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणशे टक्के सदस्य पालक असतात आणि वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात. २०१२ पासून दिव्यांग मुलं त्या घटकात मोडतात. आपल्या गावच्या, आपल्या पेठेतल्या शाळेच्या समितीवर तुम्ही असाल, किंवा तुमचा भाऊ, वहिनी, शेजारी असेल, तर दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत तीन प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या : आपल्या हद्दीत अशी मुलं किती, त्यांतली वर्गात किती येतात आणि ‘घरी शिक्षण’ म्हणून किती जणांची नावं आहेत. अशा मुलाची आई समितीवर नसेल, तर तिला घ्या.